पाटी आपली आहे, जागाही आपलीच असू द्या

बाजारात बसणाऱ्या माणसाला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. माल, गिऱ्हाईक आणि नाव. माल संपला तर पुन्हा भरता येतो. गिऱ्हाईक एका हंगामात रुसले तर पुढच्या हंगामात परत येते. नाव मात्र दुसऱ्याच्या हातात गेले की ते परत मिळवण्यात आयुष्य जाते. आपले व्यापारी आणि कारागीर बंधू पहिल्या दोन गोष्टींविषयी दक्ष आहेत. तिसरीविषयी, निदान इंटरनेटच्या बाजारात, आपण गाफील आहोत असे खेदाने म्हणावे लागते.

इंदुरी, तळेगाव, वडगाव, लोणावळा, कोठल्याही दुकानदाराला विचारा, बाहेरगावच्या माणसाने तुमचा माल पाहायचा कोठे? उत्तर ठरलेले आहे. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर व्हॉट्सअॅपवर, तिशीच्या आत असेल तर इन्स्टाग्रामवर. काहींनी मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांत नोंदणी केली आहे. यात वाईट काही नाही. नवा ताका आला की त्याचा फोटो मीही व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पण हा सगळा दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेला माल आहे. ओट्याचा मालक उठा म्हणाला तर उठावे लागते.

कोणाला ही अतिशयोक्ती वाटेल. म्हणून गेल्या काही वर्षांतील तीन घटना सांगतो.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. बंदीची कारणे हा येथे विषय नाही. विषय असा की ज्या कलावंतांनी आणि छोट्या विक्रेत्यांनी आपली सगळी ओळख त्या एका ठिकाणी उभी केली होती, त्यांची वर्षांची कमाई एका आदेशाने गेली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ही तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद पडली. त्या सहा तासांत ज्याचे दुकान फक्त तेथेच होते त्याचे शटर दुसऱ्याने ओढलेले होते. तिसरी घटना आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. गूगलने नकाशावरील दुकानांना एक फुकट छोटे संकेतस्थळ बनवून देण्याची सोय केली होती. अनेकांनी तो पत्ता पाटीवर आणि कार्डावर छापला. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती संकेतस्थळे बंद केली.

फुकटच्या जागेला भाडे नसते, तसा हक्कही नसतो. दुकानाची पाटी आपली असावी आणि ती ज्या भिंतीवर लावायची ती भिंतही आपली असावी. इंटरनेटवर अशी हक्काची भिंत म्हणजे स्वतःचे संकेतस्थळ. ते उभारायला आपण स्वतः शिकले पाहिजे, घरातील मुलामुलींना शिकवले पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

हे साधन आले कोठून?

पूर्वी संकेतस्थळ म्हटले की प्रोग्रामर शोधा, हजारो रुपये मोजा आणि एका किमतीचा आकडा बदलायचा तरी त्याच्या दारात उभे राहा, असा प्रकार होता. वर्डप्रेस नावाच्या साधनाने ही अडचण दूर केली. मुळात ते ब्लॉग, म्हणजे स्वतःचे लिखाण प्रसिद्ध करण्यासाठी बनलेले सॉफ्टवेअर. आज त्यावर वर्तमानपत्रे, शाळा, दुकाने सर्व काही चालते. जगातील दर शंभर संकेतस्थळांपैकी चाळीसहून अधिक यावर उभी आहेत.

याच्या जन्माची हकीकत व्यापाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. मिशेल वाल्द्रिगी नावाच्या फ्रेंच तरुणाने बी-टू नावाचे एक सॉफ्टवेअर बनवले होते. पुढे त्याचे काम थांबले आणि ते वापरणारे अधांतरी राहिले. परंतु त्या सॉफ्टवेअरचा परवाना असा होता की कोणीही ते घ्यावे, उघडून पाहावे, बदलावे, वाटावे. फक्त पुढच्यालाही हेच हक्क द्यावेत. या परवान्याच्या जोरावर अमेरिकेतील मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी ते अर्धवट काम उचलले आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर आली. मॅट तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली.

मावळच्या माणसाला हे परके वाटायला नको. आपल्या तळेगाव दाभाड्यात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशा-पैशातून कारखाना झाला. त्या भट्टीवर काचकाम शिकलेली माणसे पुढे इतर ठिकाणच्या कारखान्यांत गेली. वर्डप्रेस हा याच जातीचा प्रकार आहे. कोणी त्यात पैशाऐवजी चार ओळींचे काम टाकले, कोणी भाषांतर टाकले. मराठी आणि उर्दू भाषांतरेही अशीच स्वयंसेवकांनी केली आहेत.

एक घोटाळा टाळावा. वर्डप्रेस डॉट कॉम ही एका कंपनीची सेवा आहे. तेथे जागा त्यांची, नियम त्यांचे. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून जे सॉफ्टवेअर मिळते ते फुकट घेऊन आपण भाड्याने घेतलेल्या जागेवर बसवायचे असते. शिकण्यासाठी पहिले चालेल. धंद्यासाठी दुसरे.

सातबारा कोणाच्या नावावर?

जमिनीचा व्यवहार करताना आपण आधी सातबारा पाहतो. संकेतस्थळाचा सातबारा म्हणजे डोमेन, म्हणजे त्याचे नाव. शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असते ते. या नावाची नोंदणी दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावी लागते आणि ती ज्याच्या नावावर असेल तोच मालक.

आमच्याच कापडाच्या धंद्यातील एका ओळखीच्या पेढीचे सांगतो. शहरातील एका माणसाकडून त्यांनी संकेतस्थळ करून घेतले. पैसे दिले, काम झाले, पिशव्यांवर आणि बिलबुकावर पत्ता छापला. तीन वर्षांनी नूतनीकरणाची रक्कम त्या माणसाने कितीतरी पट मागितली. चौकशी केली तेव्हा कळले की डोमेनची नोंदणी त्याने स्वतःच्या नावावर केली होती. भांडून उपयोग झाला नाही. पेढीने दुसरे नाव घेतले आणि छापलेल्या पिशव्या रद्दीत गेल्या.

म्हणून काम कोणाकडूनही करून घ्या, पण डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवा. तेथील पासवर्ड खातेवहीइतकाच जपा. दुसरी गोष्ट होस्टिंगची, म्हणजे ज्या संगणकावर आपले संकेतस्थळ ठेवायचे तेथील जागेच्या भाड्याची. येथे पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षापासून महाग, असा सर्रास प्रकार आहे. करार करण्यापूर्वी नूतनीकरणाचा दर वाचावा. छोट्या दुकानाचा डोमेन आणि होस्टिंगचा वर्षाचा खर्च काही हजार रुपयांत बसतो. त्यात सणाचा एक चांगला फ्लेक्सही होत नाही, आणि फ्लेक्स तर महिन्याने फाटतो.

शिवणकाम जाणणाऱ्याला हे अवघड नाही

आता मुख्य मुद्दा शिकण्याचा. आपल्या लोकांना संगणकाचे नाव काढले की इंग्रजीची धास्ती वाटते. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तरीही सांगतो की हे काम समजायला इंग्रजीपेक्षा कारागिराची नजर जास्त उपयोगी पडते.

संकेतस्थळ म्हणजे अंगरखा समजा. वर्डप्रेस हे कापड. त्यावर जी थीम चढवायची तो रेडीमेड कपडा. हजारो थीम फुकट मिळतात आणि वर्डप्रेससोबत जी थीम येते तिला त्या त्या वर्षाचेच नाव असते. ती साधी आणि सुबक असते. नवशिक्याने तीच घ्यावी. भपकेदार थीम पाहून भुलू नये. दाखवण्याच्या नमुन्यात परदेशी मॉडेलचे मोठे फोटो असतात म्हणून ती छान दिसते. त्या जागी आपल्या दुकानातील टेरीकॉटच्या ताक्याचा फोटो आला की रूप बदलते.

रेडीमेड कपडा अंगावर तंतोतंत बसत नाही. बाही कमी करावी लागते, कंबर घ्यावी लागते. येथेही तसेच. रंग, अक्षराचा आकार, दोन चौकटींतील अंतर, वरची पाटी, खालचा पत्ता हे सारे आपल्या मापाचे करून घ्यायचे. पूर्वी त्यासाठी थीमच्या फायली उघडाव्या लागत. २०१८ च्या अखेरीस वर्डप्रेसमध्ये ब्लॉक पद्धत आली. मजकूर, फोटो, बटण यांचे ठोकळे एकावर एक मांडत जायचे. २०२२ पासून पानाचा माथा आणि तळही याच पद्धतीने बदलता येतो. त्यामुळे बरेचसे काम माउसनेच होते.

याउपर ज्याला बारीक काम शिकायचे आहे त्याने सीएसएस शिकावे. नाव ऐकून घाबरू नये. ती माप लिहून देण्याची भाषा आहे. शिंपी चिठ्ठीवर लांबी, छाती, खांदा लिहितो, तसे येथे रंग अमुक, समास अमुक, अक्षर अमुक असे लिहायचे. रोज एक तास बसला तर दहावी शिकलेला मुलगा महिन्या-दोन महिन्यांत कामापुरते शिकतो. त्यापुढे पीएचपी ही खुद्द वर्डप्रेसची भाषा. ज्याला यातच रोजगार करायचा त्याने ती शिकावी. दुकानदाराला तिची गरज नाही.

येथे नवशिक्या हमखास फसतो ती जागा सांगतो. थीमच्या मूळ फायलीत बदल केले आणि थीमची नवी आवृत्ती आली की केलेले सारे काम पुसले जाते. यावर चाइल्ड थीम हा उपाय आहे. मूळ थीमला हात न लावता तिच्यावर आपली एक छोटी थीम बसवायची आणि सारे बदल त्या छोट्या थीममध्ये ठेवायचे. मूळ कपडा बदलला तरी आपली कशिदाकारी शाबूत राहते. यासाठी सुरुवातीला चार-सहा ओळींची एक फाईल पुरते.

प्लगिन म्हणजे वरून लावायच्या वस्तू: बटण, खिसा, जरीची किनार. चौकशीचा अर्ज, फोटोंची मांडणी, व्हॉट्सअॅपचे बटण, सर्वांसाठी प्लगिन मिळतात. जेवढे हवे तेवढेच लावावे. कपड्यावर पन्नास खिसे लावले तर तो घालवत नाही, तसे संकेतस्थळ जड होते आणि खेड्यातील मोबाइलवर उघडेनासे होते. प्रत्यक्ष विक्री करायची असेल तर वूकॉमर्स हे प्लगिन आहे. २०११ मध्ये ते आले. त्यात मालाची यादी, मापे, रंग, साठा आणि ऑर्डरींचा हिसाब राहतो. यूपीआयने आणि कार्डाने पैसे घेण्यासाठी भारतीय कंपन्यांची प्लगिन त्याला जोडता येतात. मधली कंपनी व्यवहारावर आकार घेते, तो किमतीत धरावा.

सरावासाठी एक पैसाही खर्च करण्याची गरज नाही. वर्डप्रेस आपल्या संगणकावर, इंटरनेटशिवायही बसवता येते. प्लेग्राउंड नावाच्या सोयीत तर ते थेट ब्राउझरमध्ये चालते. तेथे हवे तेवढे मोडा, पुन्हा जोडा. शागीर्द जसा आधी चिंध्यांवर टाके घालायला शिकतो, तसेच हे.

मराठी आणि उर्दूची सोय

संकेतस्थळ इंग्रजीतच असावे असा कोणाचा दंडक नाही. सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडली की आतील सूचनाही मराठीत दिसतात. शिवाय काही फॉन्टमध्ये भाषा मराठी सांगितली की ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने बनवलेला मुक्त हा फॉन्ट फुकट आहे आणि मोबाइलवर स्वच्छ वाचता येतो. छापखान्यातील जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र तसाच चिकटवू नये. त्याची बाराखडी वेगळी असते आणि वाचकाला नुसती चिन्हे दिसतात. युनिकोडमध्येच टाइप करावे. आणखी एक. पानाच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे ठेवली तर तो पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवताना अनेकदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक शेपटी बनतो. मजकूर मराठीत, पण पत्ता छोट्या रोमन अक्षरांत, हे सोयीचे.

उर्दू निवडली की पान आपोआप उजवीकडून डावीकडे वळते. पण फॉन्ट सांगितला नाही तर पुष्कळ फोनवर उर्दू नस्ख वळणात दिसते आणि आपल्या डोळ्यांना ती परकी वाटते. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट आहे, तो लावावा. नस्तालीक तिरकी उतरत येते, म्हणून दोन ओळींतील अंतर नेहमीपेक्षा बरेच वाढवावे लागते, नाहीतर ओळी एकमेकींत अडकतात. सीएसएसची एक ओळ लिहून हे काम होते. पण ते कोठे खटकते, हे उर्दू वाचणाऱ्यालाच कळते. बाहेरच्या डिझायनरला कळत नाही.

यावरून एक गोष्ट आठवते. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आले आणि १९९० च्या दशकात इनपेज घरोघरी पोहोचले, तेव्हा आपल्याकडील कातिबांची बोटे रिकामी झाली. ज्यांनी कीबोर्ड हाती घेतला ते डीटीपीवर निभावले. बाकीच्यांचे हुनर त्यांच्याबरोबर गेले. आज त्याच डीटीपीचे काम आटत चालले आहे. लग्नपत्रिका मोबाइलवर जातात. डीटीपी करणाऱ्या बंधूंना अक्षर, समास, रंग यांची जाण आधीच आहे. पान कागदाचे होते ते पडद्याचे झाले, एवढाच फरक. या वेळी तरी आपण गाडी सुटण्याआधी फलाटावर असावे.

पानावर मांडायचे काय?

नुसते संकेतस्थळ उभारून गिऱ्हाईक येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आत काय आहे यावर सारे अवलंबून आहे. आमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याच्या एका टोकाला तळेगावची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या टोकाला चाकणची. तेथील कारखान्यांना कामगारांचे गणवेश लागतात. खरेदी खात्यातील माणूस इंदुरीच्या दुकानात चहा प्यायला येत नाही. तो आधी संगणकावर शोधतो. त्याला सुविचार नको असतात. कापडात पॉलिएस्टर किती, सूत किती, वजन किती जीएसएम, पन्हा किती इंच, कमीत कमी किती नग, किती दिवसांत, जीएसटी क्रमांक काय, एवढे हवे असते. हे एका पानावर नीट लिहिलेले असेल तर छोटा दुकानदारही दरपत्रकाच्या यादीत येतो. नसेल तर तो मोठ्या शहरातील दलालाकडे जातो, आणि दलाल कदाचित आपल्याच गावच्या शिंप्याकडून पडेल भावात शिवून घेतो.

खरी कळ येथेच आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत रात्रंदिवस माग चालतात. पण कापडावर विणणाऱ्याचे नाव कोठे असते? मजुरीवर विणणाऱ्याला ताण्याचे सूत शेठ देतो, कापड शेठ नेतो, शिक्का पुढचा व्यापारी मारतो. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचे पाहा. सुती ताणा आणि रेशमी बाण्याची ही कारागिरी आता मोजक्याच हातांत उरली आहे, आणि हिमरू म्हणून बाजारात यंत्रावरचा माल बिनदिक्कत विकला जातो. ज्या कारागिराचे स्वतःचे पान आहे, ज्यावर त्याच्या मागाचा फोटो आहे, एक शाल विणायला किती दिवस लागतात हे लिहिले आहे, तो निदान सांगू तरी शकतो की खरे हे आहे आणि नक्कल ती आहे. ज्याचे पानच नाही त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलतो.

फोटो दिवसाच्या उजेडात काढावेत. पडद्यावर रंग थोडा वेगळा दिसतो हे आधीच लिहावे. माप, धुण्याची पद्धत, माल परत घेण्याचा नियम लपवू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता, संपर्क, एकूण किंमत आणि तक्रार कोणाकडे करायची हे दाखवायला हवे. परराज्यात करपात्र माल विकायचा तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. काही हस्तकलांना यात सवलत आहे. आपल्या कर सल्लागाराला विचारूनच पाऊल टाकावे. मापात आणि शब्दात चोख राहणे हा आपल्या धंद्याचा जुना दस्तूर आहे. पडद्याआड गिऱ्हाईक दिसत नाही म्हणून तो ढिला होता कामा नये.

याच ओघात सांगतो. विकत मिळणाऱ्या थीम आणि प्लगिन चोरून, फुकट वाटणारी ठिकाणे इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. एक तर चांगले साधन फुकट आणि हक्काने मिळत असताना असला माल घेण्याचे कारण नाही. दुसरे, त्यात अनेकदा विष घातलेले असते. दुकान आपले आणि मागचे दार चोराचे, अशी गत होते. वर्डप्रेस, थीम आणि प्लगिन वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावीत, न वापरलेली काढून टाकावीत, पासवर्ड लांब ठेवावा आणि आठवड्याला एकदा सर्व संकेतस्थळाची प्रत, म्हणजे बॅकअप, स्वतःकडे उतरवून घ्यावी. रात्री गल्ला मोजल्याशिवाय आपण कुलूप लावत नाही, तसेच हे समजावे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप, उद्या वर्डप्रेसच बंद पडले तर? प्रश्न रास्त आहे. २०२४ मध्ये मॅट मलनवेग यांची ऑटोमॅटिक कंपनी आणि वर्डप्रेसवर संकेतस्थळे सांभाळणारी डब्ल्यूपी इंजिन कंपनी यांच्यात मोठा वाद झाला आणि तो अमेरिकेतील न्यायालयात गेला. मोठ्यांच्या भांडणात लहान चिरडतात हे येथेही खरे. पण फरक हा की त्या परवान्यामुळे आपल्याकडे असलेली सॉफ्टवेअरची प्रत कोणी काढून घेऊ शकत नाही. बी-टू थांबले तेव्हा दुसऱ्यांनी ते पुढे नेले, तसे पुन्हा होऊ शकते. आपली प्रत घेऊन आपण एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. इन्स्टाग्रामवरून असे बिऱ्हाड हलवता येत नाही.

दुसरा आक्षेप, व्हॉट्सअॅप सोडायचे का? मुळीच नाही. व्हॉट्सअॅप ही हाक आहे, संकेतस्थळ हे दुकान आहे. हाक मारून माणसाला दुकानात आणावे. बिलावर, पिशवीवर, टेम्पोच्या मागे पत्ता छापावा.

तिसरा आक्षेप वयाचा. पन्नाशीतील माणसाने सीएसएस शिकलेच पाहिजे असे नाही. त्याने काय मागायचे आणि कशावर सही करायची एवढे शिकावे. बाकीचे घरातील तरुणांनी करावे. आणि तरुण म्हणताना फक्त मुलगे डोळ्यांपुढे आणू नयेत. दहावी-बारावी झालेल्या, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र पेटीत ठेवून बसलेल्या कितीतरी मुली आपल्या घरांत आहेत. घरी बसून, सन्मानाने, दुकानाचा अर्धा कारभार त्या चालवू शकतात. ज्यांना पुढे जायचे त्यांच्यासाठी रोजगारही आहे. ब्लॉग लिहिता लिहिता राहुल बन्सल यांनी २००९ मध्ये पुण्यात आरटीकॅम्प ही कंपनी काढली. आज ती वर्डप्रेसच्या कामात जगात नावाजलेली आहे. वर्डप्रेसवाल्यांच्या आशिया खंडाच्या संमेलनाचा २०२६ चा मान मुंबईला मिळाला. हे सारे आपल्या उंबऱ्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे, आणि आपला मुलगा मात्र कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी कामाच्या रांगेत उभा आहे.

काय करता येईल?

सूचना छोटी आहे. प्रत्येक गावातील चार-पाच दुकानदारांनी एकत्र यावे. ज्या शाळेत संगणक आहेत, मग ती उर्दू असो वा मराठी, तेथे रविवारचे दोन तास मागून घ्यावेत. वर्डप्रेस जाणणारा एखादा होतकरू तरुण उस्ताद म्हणून बोलवावा आणि त्याला त्याची मेहनत द्यावी. फुकटात शिकवा म्हणू नये. तीन महिन्यांचा क्रम असावा: पहिल्या महिन्यात ब्लॉक आणि थीम, दुसऱ्यात चाइल्ड थीम आणि सीएसएस, तिसऱ्यात वूकॉमर्स, बॅकअप आणि सुरक्षा. कागदी परीक्षा नको. प्रत्येकाने गावातील एका खऱ्या धंद्याचे संकेतस्थळ उभे करायचे, हीच परीक्षा. बेकरी, गॅरेज, फर्निचर, टेलरिंग, चिक्की, मटणाचे दुकान, काहीही चालेल. ज्याचे संकेतस्थळ झाले त्याने पुढच्या तुकडीतील एकाला शिकवायचे. तीन महिन्यांत पाच-सहा दुकाने आणि पाच-सहा हात तयार झाले तरी गावाचे काम सुरू झाले म्हणायचे.

आपल्या वडिलांनी गाडीवर, डोक्यावर गठ्ठे वाहून गावोगावच्या आठवडी बाजारात दुकाने लावली. जागा मिळेल तेथे बसले, आणि पहिली संधी मिळताच स्वतःचा गाळा घेतला. कारण भाड्याच्या जागेत कितीही विकले तरी नाव मालकाचे वाढते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. बाजाराची जागा बदलली आहे, हिसाब तोच आहे. बंधूंनो, या आठवड्यात एवढे तरी करा. आपल्या पेढीच्या नावाचे डोमेन शिल्लक आहे का ते पाहा, आणि असेल तर ते स्वतःच्या नावावर नोंदवून घ्या.